काळ्या कोटावरचा खडू

मित्रांनो, मी एक जुना बाक आहे. बागेतला नव्हे हं, नाटकातला! सुताराने मला बागेतल्या बाकासारखा हिरवा रंग दिला खरा, पण ऊन-पाऊस मी कधी पाहिला नाही. माझ्यावर बसून एका नायकाने नऊ वर्षे प्रेम केले आणि प्रेक्षकांनी डोळे पुसले.

नाटकातल्या नायकाने देवापुढे आजन्म एकटे राहण्याची शपथ घेतलेली असते. नायिकेवर त्याचा जीव असतो, पण तिला स्पर्श करायचा नसतो. म्हणून दिग्दर्शकाने माझ्या मधोमध खडूची रेघ ओढायला लावली. तिने अलीकडे बसायचे, त्याने पलीकडे. प्रत्येक प्रयोगाआधी ही रेघ नायकाचे काम करणाऱ्या नटाची खरी बायको ओढत असे. कपडे शिवणे, इस्त्री, सामान मांडणे, सगळे तिच्याकडेच होते.

पहिल्या वर्षी रेघ शाबूत राहायची. पुढे नायक इंचाइंचाने सरकू लागला. प्रयोग संपला की त्याच्या काळ्या कोटावर पांढरा खडू दिसे. बायको ब्रशने तो झटकत असे.

"अहो, आजही रेघ ओलांडलीत?"

"अगं, भूमिकेत शिरलं की भान राहत नाही. देवाशपथ, मनात काही नाही."

पडदा उघडण्याआधी विंगेत हात जोडून तो देवालाही हेच सांगे, आणि त्याला ते अगदी खरे वाटे. तिलाही ते खरे मानायचे होते. आपण पडलो लाकूड, आपल्याला काय कळते, अशी मीही मनाची समजूत घालत होतो. पण रेघ ओलांडून त्याची बोटे नायिकेच्या बाजूला माझ्या फळीवर रेंगाळत. ते रेंगाळणे काही नाटकात लिहिलेले नव्हते.

रेघ ओढून झाली की बायको नायिकेच्या जागेवरून हळूच हात फिरवी. मग "चला, कामं पडलीत" म्हणत निघून जाई. ती एकदा तरी बसेल म्हणून मी वाट पाहायचो.

पुढे नायिका नाटक सोडून गेली. तिच्या जागी नवी आली, गुणी आणि गोड आवाजाची. तिचा पहिला प्रयोग छान रंगला. नंतर बायकोने ब्रश घेतला, कोट उलटापालटा करून पाहिला. कोट स्वच्छ होता.

"अहो," ती म्हणाली, "आज भूमिकेत शिरला नाहीत वाटतं?"

या वेळी त्याने देवाची शपथ घेतली नाही. ती रिकाम्या रंगमंचावर आली आणि पहिल्यांदाच माझ्यावर बसली, नायिकेच्या जागी. बऱ्याच वेळाने तो येऊन दुसऱ्या टोकाला टेकला.

"चुकलो. इतकी वर्षं स्वतःलाही खरं सांगितलं नाही."

"मी रोज रेघ ओढायचे ना, तेव्हा वाटायचं, घरी तरी माझ्याकडे सरकाल."

त्याने हात पुढे केला. रेघेपाशी येऊन तो थांबला.

त्याने पुन्हा ती भूमिका केली नाही; तो आमचा शेवटचा प्रयोग ठरला. आता मी सामानाच्या खोलीत पडून आहे. मित्रांनो, कधी आलात तर माझी धूळ पुसा, डुगडुगणारा पाय ठोकून द्या. ती रेघ मात्र फडक्याने पुसू नका. त्या दिवशी ती कुणी ओलांडली नाही, म्हणूनच राहिली आहे. ती त्याच्या काळ्या कोटानेच पुसली जावी, बायकोकडे सरकताना, म्हणून मी अजून वाट पाहतो आहे.