एकही पडलं नाही

त्या वृद्धाश्रमाचं तपासनीस बाईंना फार कौतुक होतं. सहा महिन्यांत तिथलं एकही म्हातारं माणूस पडलेलं नव्हतं. बाकीच्या आश्रमांत महिन्याला सात-आठ जण तरी घसरायचे. कुणाचं खुब्याचं हाड मोडायचं, कुणी अंथरूण धरायचं ते कायमचंच. पडण्याची नोंद ठेवली की पडणं कमी होईल, ही कल्पना बाईंचीच. त्यासाठीचा फॉर्मही त्यांनीच केलेला. या आश्रमाला पहिला नंबर दिला तोही त्यांनीच, आणि तो कागद पाहून. आता यांनी हे साधलं कसं, ते बघून इतरांना शिकवावं म्हणून त्या पहिल्यांदाच तिथे गेल्या. दिलेल्या वेळेच्या तासभर आधीच पोचल्या.

दारातच वास आला. वर फिनेल, त्यावर मारलेला गुलाबाचा फवारा, आणि दोन्हींच्या खालून मुरलेल्या मुताचा आंबूस भपका. बाई तोंडाने श्वास घेत आत गेल्या.

दिवाणखान्यात बावीस खुर्च्या ओळीने मांडलेल्या. टीव्ही चालू, पण आवाज बंद. प्रत्येकाच्या मांडीवर घोंगडी. कुणी हलत नव्हतं, बोलत नव्हतं. कडेच्या खुर्चीतल्या आजोबांनी बाईंची बाही धरली. उभा जन्म शिवणकामात गेलेला, म्हणून सगळे त्यांना शिंपी आजोबा म्हणत.

"बाई, मला संडासला जायचंय."

"डायपर लावलंय ना आजोबा, त्यातच करा," पलीकडून मावशी म्हणाली. ती दुसऱ्या एकीला भरवत होती. तिने मानही वळवली नाही.

"मग उठा की," बाई हळूच म्हणाल्या.

आजोबांनी नुसतं खाली पाहिलं. बाईंनी घोंगडी उचलली. पोटावरून चादरीची घडी गेली होती आणि खुर्चीच्या पाठीमागे तिची गाठ मारलेली होती. शेजारच्या आजींचीही तीच गत. त्यांच्या शेजारच्यांचीही.

तेवढ्यात मॅनेजर लगबगीने आला. चोरी पकडली गेल्याचा मागमूसही त्याच्या चेहऱ्यावर नव्हता. उलट शाबासकी घ्यायला आल्यासारखा उभा राहिला.

"आमच्याकडेही आधी महिन्याला नऊ-नऊ पडायचे, मॅडम. चादरी सुरू केल्या आणि एकदम शून्य. तुमच्या फॉर्ममुळेच सुचलं."

बाई आजोबांची गाठ सोडायला वाकल्या. गाठ ओली होती. आजोबांना पुढे झुकवून त्यांनी सदरा वर केला, तर माकडहाडावर तळहाताएवढी जखम, कापड तिला चिकटलेलं. वास थेट घशात उतरला. बाई कशाबशा बेसिनपर्यंत पोचल्या आणि सकाळचं सगळं तिथे ओतून आल्या.

तोंड धुऊन त्या परतल्या. "चला आजोबा," म्हणत त्यांनी त्यांच्या काखेत हात घातला. आजोबा उभे राहिले, पण बसून बसून पायांच्या काड्या झाल्या होत्या. दुसऱ्याच पावलाला गुडघे वाकले आणि दोघंही फरशीवर बसली.

"पडलो का मी?" आजोबांनी विचारलं.

"पडलात. माझ्यामुळे. लागलं का?"

"नाही. पण आता लवकर न्या."

मावशीला काय वाटलं कोण जाणे, तिने ताट खाली ठेवलं आणि दुसऱ्या बाजूने धरलं. दोघींनी मिळून त्यांना नेलं.

बाहेर येऊन बाईंनी फॉर्म मागितला, पडण्याच्या रकान्यात एक लिहिलं आणि खाली सही केली.

"मॅडम, हे तर तुम्हीच पाडलेत. आमचा नंबर जाईल," मॅनेजर म्हणाला.

"तुम्ही बाजूला व्हा," बाई म्हणाल्या. त्याच्याकडे बघणंही त्यांना नकोसं झालं होतं.

डॉक्टर बोलावून त्यांनी संध्याकाळपर्यंत सगळ्यांच्या गाठी सोडवल्या, पाठी तपासून घेतल्या. बावीसपैकी चौदा जणांना जखमा निघाल्या. फॉर्ममध्ये जखमांचा रकानाच नव्हता.

मॅनेजर गेला, नवा आला. पुढच्या महिन्यात तिथे पाच जण पडले. शिंपी आजोबांच्या मुलीने फोनवर बाईंना धारेवर धरलं. "बांधून ठेवायच्या कागदावर मी सही केली होती. निदान बाबा सुरक्षित तरी होते."

"जखम पाहिली होती तुम्ही?"

"कुणी दाखवली नाही."

"घोंगडी उचलायची होती," असं बाईंच्या जिभेवर आलं होतं. पण सहा महिने कागदाला भुलून स्वतः त्या तरी तिकडे कुठे फिरकल्या होत्या? स्वतःचीच त्यांना किळस आली.

फॉर्म त्यांनी नव्याने केला. कोण बांधलेलं आहे, कुणाला जखम आहे, रोज कोण किती पावलं चाललं. आजोबांची जखम तीन महिन्यांत भरली. काठीच्या आधाराने ते संडासला जाऊ लागले आणि आतून कडी लावून घेऊ लागले.

एके दुपारी नव्या मॅनेजरचा फोन आला. आवाज अगदी मऊ.

"मॅडम, पावलांच्या रकान्यात साधारण किती लिहिलं की बरं दिसेल?"

बाईंनी फोन ठेवला. पर्स उचलली, आणि न कळवता निघाल्या.