कंबरपट्ट्याची साक्ष

मित्रांनो, मला पाहून हे नेमकं काय आहे, असा प्रश्न तुम्हाला पडेल. मी झाडाच्या कमरेला बांधलेला पत्र्याचा जुना पट्टा आहे. माझी दोन टोकं स्प्रिंगने जोडलेली आहेत आणि मध्ये एक बारीक फट आहे. झाड फुगलं की फट रुंदावते, आकसलं की मिटते. बस, एवढंच माझं आयुष्य.

मला घडवलं पत्र्याच्या पेट्या करणाऱ्या एका कारागिराने. त्याची मुलगी रानातली झाडं मोजण्याच्या नोकरीला लागली होती.

"बाबा, झाडाला टोचायला नको हं," ती म्हणाली.

"अगं, जावयाच्या कमरेची एवढी काळजी केली नव्हतीस कधी!" असं म्हणत त्याने माझ्या कडा तासभर कानशीने घासल्या.

मग मी उतारावरच्या एका जाड सालीच्या झाडाला बिलगलो. ओल्या महिन्यांत झाड भरून येई आणि मी ताणला जाई. कोरडे महिने आले की ते आकसे, एकेक पान सोडून देई, जणू उपासाला बसे. पहिल्या वर्षी माझं काळीज लक्कन हललं. वाटलं, गेलं हे! पण पानं गळून गेल्यावर एक नवल घडलं. आभाळात ढगाचा ठिपका नव्हता, तरी खोड आतून हळूच भरू लागलं. मुळं खोलवरून पाणी ओढत होती आणि ते उधळायला वर पानंच नव्हती. माझी फट केसभर रुंदावली. झोपलेल्या माणसाच्या छातीवर हात ठेवावा, तसं मला वाटलं.

सगळं रानच तसं झोपायचं. गळलेल्या पानांची गोधडी जमिनीवर पसरायची. पाऊस आला की ती त्याला धावू देत नसे, जिरवत असे. तेच पाणी पायथ्याच्या झऱ्यातून खालच्या गल्लीतल्या विहिरीला जाई. कारागिराच्या त्या मुलीचं, आमच्या मोजणीताईचं घर त्याच गल्लीत होतं. ती दर आठव्या दिवशी येई, फट मोजे आणि वहीत आकडा लिही. हा नेम तिने कधी मोडला नाही. "माझा पट्टा थापा मारत नाही," असं ती सगळ्यांना सांगायची. मी मनातल्या मनात फुलून जायचो.

पुढे झाडं मोजणं बंद झालं. ताईला कार्यालयात फायलींपुढे बसवलं. सात वर्षं माझ्याकडे कुणी फिरकलं नाही. उन्हाळे लांबत गेले, पाऊस येई तो एकदम कोसळून निघून जाई. पानं महिनाभर आधीच गळू लागली. आणि माझी स्प्रिंग गंजून मुकी झाली.

अशाच एका रखरखीत दुपारी मेलेल्या झाडांची यादी करणारे साहेब आले. मेलेल्या झाडांचा उतार तोडून तिथे गोदामं बांधायची होती. त्यांनी नजर फिरवली आणि लिहिलं, 'पूर्ण मृत.' हे कळताच ताई धापा टाकत वर आली.

"साहेब, हे रान झोपलंय हो. हे तोडलं तर आमची विहीर आटेल."

"ताई, औषधालासुद्धा पान नाही इथे! तुम्ही काय झाडाची नाडी बघणार?"

"नाडी नाही, कंबर."

"माझी मोजू नका म्हणजे झालं!" साहेब हसले. "बरं, आठ दिवस देतो."

ताईने फट मोजली. आठ दिवसांनी दोघं पुन्हा आले. फट तसूभरही हलली नव्हती.

"बघा, मेलंय," साहेब म्हणाले.

मित्रांनो, खोड मला आतून रेटत होतं. ते जिवंत होतं! पण गंजाने माझे हातपाय बांधले होते. ज्याला मी आयुष्यभर मिठी मारली, त्याच्याविरुद्ध मी खोटी साक्ष देत होतो.

ताई खाली बसली. मग तिने माझ्या स्प्रिंगवर बोट फिरवलं. बोट लाल झालं.

"चूक झाडाची नाही, साहेब. माझी आहे. सात वर्षं मी याला विचारलंच नाही. आणखी आठ दिवस द्या. हात जोडते."

साहेबांनी घड्याळ पाहिलं, तिचं बोट पाहिलं. "शेवटचे आठ," ते पुटपुटले.

तिने गंज खरवडला, थेंब थेंब तेल सोडलं, मला पुन्हा नीट बसवलं आणि नवा आकडा लिहिला. ते आठ दिवस मी ऊन मोजत, मुळांचा आवाज ऐकत, अर्धवट स्वप्नात काढले.

आठव्या दिवशी साहेबांनी स्वतः मोजपट्टी हातात घेतली. एकदा पाहिलं. चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

"अर्धा मिलिमीटर वाढलंय," ते हळू आवाजात म्हणाले. "पाऊस नसताना?"

"पाऊस नसताना," ताई म्हणाली.

त्यांनी यादीतली ओळ खोडली. मग वही मिटून ते पलीकडच्या टेकडीकडे बघत राहिले. ती त्यांनी मागच्याच महिन्यात तोडायला दिली होती, अशाच नुसत्या नजरेने. तिथे नुसते बुंधे होते.

मित्रांनो, निष्पर्ण झाडाला मेलं म्हणण्याआधी थोडं थांबा. आणि ज्याच्या शब्दावर विसंबता, त्याची अधूनमधून विचारपूस करा. माझ्या झाडाला ते आठ दिवस मिळाले. पलीकडच्या टेकडीसाठी ते कुणी मागून घेतले नाहीत.