आईच्या थ्री-नॉट-थ्रीची माशी

रविवारच्या मॅचमधून नाव काढायचं असेल तर बुधवारी संध्याकाळी सहाच्या आत रायफल क्लबच्या फळ्यावर खोडून जायचं, असा नियम होता. आणि बुधवारी पावणेपाचला श्रियाची आई, नीता, हातात पेन घेऊन फळ्यासमोर उभी होती. श्रियाने ते पेन काढून घेतलं आणि आपल्या पोनीटेलमध्ये खुपसलं.

"दे इकडे," आई म्हणाली.

"सहाला पाच मिनिटं कमी असताना माग."

श्रिया सोळा वर्षांची. शाळेच्या एअर रायफल टीममध्ये दोन वर्षं ती शेवटून दुसरी होती. या मे महिन्यात अचानक वरून तिसरी आली, आणि तेव्हापासून तिला जगातल्या प्रत्येक गोष्टीबद्दल मत होतं. आईच्या पोळ्यांच्या जाडीबद्दलसुद्धा.

आई सिंगापुरात नोव्हेना भागातल्या एका हॉस्पिटलात रक्त तपासायच्या लॅबमध्ये होती. पण त्याआधी, फार आधी, ती सांगलीच्या कॉलेजात एनसीसीची कॅडेट होती आणि थ्री-नॉट-थ्री रायफलने जिल्ह्यात पहिली आली होती. मग लग्न, सिंगापूर, श्रिया. बावीस वर्षं बंदुकीचं नावही निघालं नाही. गेल्या वर्षी ती या क्लबात आली, तर तिथे कपाटात एक थ्री-नॉट-थ्री. युद्धातली, दर गोळीला मागची दांडी, म्हणजे बोल्ट, हाताने ओढायची. आई तिला बघून माहेरचं माणूस भेटल्यासारखी हसली होती. क्लबातल्या बाकीच्यांच्या आपापल्या रायफली होत्या, त्यामुळे ती म्हातारी एकट्या आईच्याच वाट्याला आली.

गेल्या महिन्यात तिची झिजलेली नळी बदलली. आणि तेव्हापासून शंभर मीटरवर आईची प्रत्येक गोळी वीतभर डावीकडे जायला लागली.

"हात गेले माझे," आईने जाहीर केलं. "आमचे हवालदार सांगायचे, रायफल चुकत नाही, कॅडेट चुकते."

"हवालदारांना सिंगापूरला बोलाव, मी बोलते त्यांच्याशी." श्रियाने टार्गेटचा कागद आईच्या नाकासमोर धरला. "हात गेले असते तर गोळ्या चारी दिशांना गेल्या असत्या. तुझ्या पाचही बघ, एका पुरीएवढ्या जागेत. फक्त पुरी ताटाबाहेर पडलीय."

तोच कागद घेऊन ती वर्कशॉपच्या जाळीपाशी गेली. आत अंकल को; को हे त्यांचं चिनी आडनाव. वय एकाहत्तर, तीस वर्षं क्लबाच्या बंदुका दुरुस्त करणारे. त्यांच्याशिवाय त्या बंदुका उघडायला कुणालाच परवानगी नव्हती.

"माशी मी दोनदा सरकवली ला," ते शेवटी सिंगापुरी 'ला' जोडून म्हणाले. माशी म्हणजे नळीच्या टोकावरची नेम धरायची खुंटी. हा शब्द त्यांना आईनेच शिकवला होता. "डावीकडे सरकवून सरकवून खाचेच्या कडेला टेकलीय. आता आणखी कुठे नेऊ? तुझी आई ट्रिगरला झटका देते."

आईने लगेच मान हलवली.

"आई, तू मान नको हलवू," श्रिया म्हणाली. "अंकल, माशी उभी सरळ आहे का, ते बघितलंत?"

अंकलनी उसासा टाकला, रायफल शिकंज्यात धरली, वर स्पिरिट लेव्हल ठेवली. बुडबुडा बरोबर मध्ये. माशी अगदी ताठ. श्रियाचं तोंड एवढंसं झालं. घड्याळात पाच वीस. मागून आईचा हात पुढे आला, पेनासाठी.

श्रिया देणारही होती. तेवढ्यात तिला दिसलं की लेव्हल रायफलच्या लाकडावर ठेवलेली होती.

तिचे बाबा जहाजावर इंजिनियर. सुट्टीत आंग मो कियोमधल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये आले की साधं घड्याळ टांगायलाही दोऱ्याला नट बांधून ओळंबा करायचे. "भिंतीवरून मापायचं नाही. भिंत बांधणारा घाईत असतो." श्रिया दर वेळी डोळे फिरवायची. आता तिला ते वाक्य जसंच्या तसं आठवलं.

"अंकल, लेव्हल लोखंडावर ठेवाल? बोल्ट काढला की आत सपाट भाग असतो, तिथे."

"शाळेत हे शिकवतात?"

"घरी शिकवतात. लाकूड ऐंशी वर्षांचं आहे अंकल. ते पिळलं असेल तर?"

"तीस वर्षं मी..."

"मी चुकले तर शनिवारी अख्खं वर्कशॉप झाडून देईन. जाळीसकट."

"श्रिया, पुरे," आई पुटपुटली. पण श्रिया हलली नाही. सहा महिन्यांपूर्वीची श्रिया एव्हाना सॉरी म्हणून कँटीनमध्ये माइलो पीत बसली असती.

अंकलनी बोल्ट काढला. लेव्हल आतल्या लोखंडावर ठेवली. बुडबुडा एका बाजूला पळाला. तो मध्ये येईपर्यंत त्यांनी रायफल हळूहळू वळवली आणि शिकंजा आवळला. तोवर श्रियाने अंकलच्या रिळातला दोरा दाराच्या चौकटीला बांधून त्याला घराची किल्ली लटकवली होती. किल्ली डुलायची थांबली. अंकल रायफलीमागे वाकले, एक डोळा मिटून माशी दोऱ्याशी जुळवून बघितली.

मग दुसरा डोळा मिटून पुन्हा बघितली.

"आयो," ते शेवटी म्हणाले, आणि चष्मा काढून शर्टाला पुसायला लागले. "नळी एका बाजूला फिरून बसलीय. मी हे पिळलेलं लाकूड बघून बसवली."

मग आई वाकली. दोरा सरळ खाली येत होता, आणि माशी त्याच्या उजवीकडे कलली होती, मान वाकडी करून बसल्यासारखी. माशी उजवीकडे कललेली, म्हणून तिच्यावरून नेम धरला की नळी डावीकडे बघायची.

"म्हणजे महिनाभर..." आई म्हणाली.

"महिनाभर तू बरोबर मारत होतीस."

आईने तोच कागद परत मागून घेतला आणि पाच भोकांवरून अंगठा फिरवला.

"नळी उतरवून पुन्हा बसवतो," अंकल म्हणाले. "शनिवारी सकाळी या. आणि तू," त्यांनी श्रियाकडे बोट दाखवलं, "झाडायला नको येऊस. बघायला ये."

सहाला पाच कमी असताना श्रियाने पेन काढून आईपुढे धरलं. आईने ते घेतलं आणि पर्समध्ये टाकून चेन लावली.

शनिवारी माशी खाचेच्या मधोमध होती. आई आडवी झाली, खांद्याला रायफलचा दस्ता लावला, पाच गोळ्या झाडल्या. प्रत्येक गोळीनंतर बोल्टचा आवाज, तोच एका लयीतला. अंकलनी दुर्बिणीतून बघितलं. चार गोळ्या मध्यावर. पाचवी चार बोटं खाली, उजवीकडे.

"जरा माशी सरकवू?" अंकलनी विचारलं. श्रियानेही तोंड उघडलं होतं. तिला मत होतंच.

"कुणी काही हलवू नका," आई म्हणाली. तिने मानही वळवली नाही. "ती पाचवी माझी. श्वास लवकर सोडला." आणि हात मागे केला. "अजून पाच द्या."