खिडकीवर गेलेला पडदा

मित्रांनो, मी एक जुना हिरवा पडदा आहे. गिरणीत मला विणायला घेतलं तेव्हा यंत्र थांबेचना. आजही मला पुरतं उलगडलं, तर गावाला वेढा घालून उरेन. बरं, गावाला नाही, दवाखान्याला. तेही जाऊ द्या. तपासणीच्या टेबलाभोवती मी पुरत होतो, एवढं मात्र खरं.

त्या टेबलावर गरोदर बायकांची तपासणी व्हायची. समोरच बाक होता. त्यावर सासवा, नवरे, खोकणारे म्हातारे. नर्सबाई मला सर्रकन ओढायच्या आणि मी माझ्या कामाला लागायचो. माझ्या आड बायका जे बोलत, ते आईलाही सांगत नसतील. त्या गुपितांनी मी इतका जड झालो, की मला उचलताना धोब्याच्या कमरेत उसण भरायची.

त्यांतलीच एक शिंकरी. हे नाव मीच ठेवलेलं. फिनेलचा वास आला की तिला शिंकांवर शिंका, आणि मग स्वतःच हसत सुटायची. पहिल्या दिवशी सासूबाईंनी बाकावरूनच सांगून टाकलं, की तिला काही होत नाही, आम्ही काय बाळंत झालो नाही? पण पडदा ओढल्यावर माझी कड मुठीत धरून ती हळूच म्हणाली, "बाई, डोकं फार दुखतं. डोळ्यांपुढे काजवे चमकतात. घरी म्हणतात, कामाचा कंटाळा."

नर्सबाईंनी रक्तदाब पाहिला, गोळ्या दिल्या आणि दर आठवड्याला आणायचंच, असं सासूबाईंना बजावलं. शिंकरी येत राहिली.

मग नवे साहेब आले. त्यांच्या कॉम्प्युटरवर ऊन पडायचं, म्हणून मला त्यांच्या खिडकीला लावलं. नर्सबाई मला परत मागायला आल्या, तर साहेब हसून म्हणाले, "अहो, तपासायचं तुम्ही. पडद्याचं काय अडलंय? नवा मागवलाय."

खिडकीवरून मला साहेबांच्या उघड्या दारातून बाक आणि टेबल दिसायचं. पुढच्या आठवड्यात ओळखीची शिंक ऐकू आली. शिंकरी दिराबरोबर आली होती. टेबलावरची बाई सगळ्यांसमोर कपडे सावरत होती. बाकावरचे लोक आपापली नखं बघत होते. एकजण तेवढंही करत नव्हता.

शिंकरी उठली. "चला भाऊजी, आज बरं वाटतंय."

मी असा फडफडलो, की साहेबांचे कागद खोलीभर उडाले. साहेबांनी मला दोरीने बांधून टाकलं.

त्यानंतर ती आली नाही. हळूहळू बाकही ओस पडला. बायकांना तपासणीचं महत्त्वच कळत नाही, असं साहेब फोनवर कुणाला तरी सांगत होते.

एका दुपारी तिला उचलूनच आणलं. अंगाला झटके येत होते. फरशी नुकतीच पुसली होती. फिनेलचा वास माझ्यापर्यंत पोचला. मी शिंकेची वाट पाहत राहिलो.

शिंक आली नाही. बाळही रडलं नाही.

सासूबाई बाकावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होत्या, "ती काही बोललीच नाही हो. एका शब्दाने बोलली नाही." नर्सबाई रिकाम्या दांडीखाली उभ्या होत्या.

नवा पडदा अजून आलेला नाही. उन्हाने माझी एक बाजू पांढरी पडली आहे. मित्रांनो, मला धुऊ नका, इस्त्री करू नका, माझं कौतुकही नको. फक्त ही दोरी सोडा आणि मला माझ्या दांडीवर टांगा. शिंकरीला आता माझा उपयोग नाही. पण आज सकाळीच एक नवखी पोर बाकावर येऊन बसली आहे, आणि ती टेबलाकडे बघते आहे.