लेथचं झाकण

माझ्या मुलीची रिबन लेथच्या गिअरमध्ये गेली तेव्हा माझे सासरे म्हणाले, "बघ, काय सफाईने ओढली."

रिबन केसांत बांधलेली नव्हती, एवढंच आमचं नशीब. मोहनाने ती सोडून हातात घेतली होती. ती तीन वर्षांची आहे, फिरणाऱ्या वस्तूला काहीतरी भरवावं हे तिला आपोआप सुचतं. मी दारातून धावत जाऊन तिला उचललं, तोवर दुसऱ्या बाजूने लाल चोथा बाहेर पडला होता. बाबांनी मशीन बंद केलं, पण सावकाश, आवाज ऐकत.

लोखंड कातायचा हा लेथ त्यांनी छाणी गावातल्या एका बंद पडलेल्या कारखान्यातून भंगाराच्या भावात आणला. तेव्हापासून गॅरेज त्यांचं आणि माझी स्कूटर उन्हात. सरकारी कचेरीत सगळी नोकरी फायलींवर सह्या करण्यात गेली, आणि निवृत्तीनंतर या माणसाने गंज खरवडला, एकेक दांडा कशाचा ते शोधून काढलं, हिरवा रंग दिला. मला त्याचं कौतुक होतं, खरंच होतं. पण डावीकडची दातेरी चाकं उघडी फिरत होती, आणि ती बरोबर मोहनाच्या तोंडासमोर येत होती.

मी म्हटलं, यावर झाकण बसवा. बाबा म्हणाले, ओरिजिनलला नाही. मी म्हटलं, मग पत्र्याचं करून घेऊ, कुणीही वेल्डिंगवाला करून देईल. त्यावर त्यांनी चष्मा काढला. "उद्या म्हणशील, पैठणीला चेन लावा."

सौमित्र हसला. माझा नवरा वडिलांच्या प्रत्येक विनोदाला हसतो. रात्री मला म्हणाला की तू ना मुग्धा, माशी पडेल म्हणून ताटावर छत्री धरून जेवशील. मोहनाला खाली जाऊ देऊ नकोस, संपलं. म्हणजे मशीन मोकळं आणि मुलगी कोंडलेली. शिवाय राखण करायची मी. सासूबाई वाटाणे सोलत राहिल्या.

बोलून उपयोग नव्हता, तेव्हा मी बघायला लागले. दुपारी सगळे आडवे झाले की मोहनाला थोपटून निजवायचं आणि गॅरेजमध्ये जायचं. मायक्रोबायोलॉजी शिकलेली बाई मी, लेथमधलं मला शष्प कळत नव्हतं. पत्र्याचं झाकण अडकवायला जागा कुठे आहे, एवढंच हवं होतं. मोबाइलचा टॉर्च धरला, तर चाकांच्या वर, मशीनच्या अंगात, नव्या हिरव्या रंगाखाली, दोन गोल खळगे दिसले. केसातली पिन घालून टोकरलं. पुट्टीचा भुगा पडला आणि आरपार भोक मोकळं झालं. दुसरंही तसंच.

संध्याकाळी विचारलं. बाबा म्हणाले, मागच्या कुणा अडाण्याने पाडली होती ती भोकं, मी बुजवली.

अडाणी माणूस दोन्ही भोकं एका रेषेत पाडेल? आणि आतून अशी गुळगुळीत?

मग मला ते भांडं आठवलं. बाकाखाली एक जड, ओतीव लोखंडाचं, नावेसारखं भांडं होतं. लेथबरोबरच आलेलं. बाबा त्यात डिझेल ओतून नटबोल्ट धुवायचे. ते डुगडुगायचं, म्हणून खाली लाकडाची पाचर होती. आणि त्याच्या काठाला दोन कान होते, कानांना भोकं. धुण्याच्या भांड्याला कुणी कान करतं का?

दुसऱ्या दिवशी मी डिझेल डब्यात ओतलं, भांडं पुसलं, पालथं केलं आणि छातीशी धरून चाकांवर टेकवलं. कान जागेवर बसले. वर्षभर हा माणूस मुलीच्या बोटांवरचं झाकण उताणं ठेवून त्यात स्क्रू धूत होता.

बाबांना बोलावलं. त्यांनी कानांवरून, भोकांवरून बोट फिरवलं. मग कानांतून दोन खिळे घातले, झाकण वर उचललं, खाली सोडलं, पुन्हा उचललं. त्यांचा चेहरा उजळला. "ओरिजिनल आहे हे," म्हणाले. "बिजागरी. काय डोकं असेल त्या माणसाचं."

मोहनाचं नावही निघालं नाही. माझ्या सांगण्याने जे बसलं नाही, ते लेथच्या मानापायी बसलं.

रविवारी पादरा गावाहून निहारभाई आले, त्यांनाही जुन्या मशीनचा नाद. मी चहा घेऊन गेले तेव्हा बाबा सांगत होते की झाकण असणार, ही शंका त्यांना पहिल्यापासून होती. निहारभाई बाबांना म्हणाले, "दत्तात्रेयभाई, ए तो ठीक, पण चालता गिअर तो बतावो."

फिरती चाकं दाखवायला बाबांनी झाकण वर केलं आणि मशीन सुरू केलं. निहारभाईंच्या पायांमागून मोहना पुढे येत होती. हातात चमचा.

मी ट्रे बाकावर ठेवला, भिंतीवरच्या बोर्डातला फ्यूज उपसला आणि तिला कडेवर घेतलं. चाकं फिरत फिरत थांबली.

"अगं, दोन मिनिटंच," बाबा म्हणाले. "पाहुण्यांसमोर काय हे?"

"झाकण खाली करा आणि त्याला बोल्ट मारा, बाबा. मग फ्यूज मागा."

ते निहारभाईंकडे बघून हसले, सुना अशाच, असं. झाकण वरच राहिलं.

मी वर आले. सासूबाई कणीक मळत होत्या. मी फ्यूज तांदळाच्या डब्यात खुपसत होते, तर त्या मान वर न करता म्हणाल्या, "तिथे नको. साबुदाण्यात ठेव. एकादशीपर्यंत कुणी उघडत नाही."