डावा पंखा

काहिलीभर पाण्यात हातभर लांबीचं पितळी जहाज जागच्या जागी गरगर फिरत होतं.

"अहो रंगराव, हे जहाज आहे की भोवरा?" भाग्यश्री मॅडम म्हणाल्या. त्या जहाजाची इंजिनं शिकवायच्या. सोमवारी नव्या वर्गाला त्यांना हे जहाज चालवून दाखवायचं होतं.

कसबा पेठेतल्या रंगराव तांबटांनी अशी चार जहाजं आधी करून दिली होती आणि चारही नाकासमोर चालायची. स्वतः रंगराव लोणावळ्यापलीकडे गेले नव्हते. पण पोटात इंजिन, तिथून मागे जाणारे दोन दांडे, दांड्यांच्या टोकांना पंखे आणि पंख्यांमागे सुकाणू, हे त्यांना तोंडपाठ होतं. दांडे एकमेकांच्या उलटे फिरतात, म्हणून पंख्यांच्या पात्यांचा पीळही उलटा हवा. तरच दोघे मिळून जहाज पुढे ढकलतात.

"दोन्ही पंखे उजवेच झालेत. एक पुढे ढकलतोय, दुसरा मागे ओढतोय," मॅडम म्हणाल्या.

रंगरावांनी चष्मा लावून पाहिलं आणि ते शरमले. डावा पंखा त्यांनी जन्मात केलाच नव्हता. तो त्यांची बायको, सत्यशीलाबाई, करायच्या. बाई डावखुऱ्या. सासूनं त्यावरून नावं ठेवली, तरी त्या समोरच्या पाटावर बसून डाव्या हातानं ठोकत राहिल्या. माघात त्या गेल्या, आणि रंगरावांचा हात सवयीनं एकाच बाजूला पीळ देत गेला.

"सोमवारपर्यंत दुसरा होईल?"

रंगराव उठले. देवघरातून त्यांनी एक पंखा आणला. चिंचेनं घासून लख्ख ठेवलेला, बाईंच्या हातचा शेवटचा. तो त्यांनी दांड्यावर बसवला.

जहाज संथपणे सरळ निघालं. क्षणभर रंगरावांना काहिलीचा काठच दिसेना. नुसतं पाणी, आणि पलीकडे पदर खोचून बसलेली सत्यशीला. त्यांना फार बरं वाटलं. मग जहाज काठाला टेकलं.

मॅडमना पंख्याची गोष्ट उमगली असावी. "नवा झाला की हा परत आणून देते."

"नको. चालतंय ना सरळ? राहू द्या."

मॅडम जहाज घेऊन गेल्या. रंगराव समोरच्या पाटावर जाऊन बसले. हातोडी डाव्या हातात घेतली. पहिला घाव चुकला. त्यांनी वर पाहिलं, तर समोर त्यांची स्वतःची जागा रिकामी होती.