साध्या पत्र्याच्या पट्ट्या

दुसऱ्या महायुद्धामुळे क्रोम मिळेनासं झालं, तेव्हा एका अमेरिकन कारखान्याने आपल्या शेवटच्या छोट्या गाड्यांना साध्या पत्र्याच्या, रंग मारलेल्या पट्ट्या लावल्या. धाकट्याची गाडी त्यांतलीच. दोन दारांची, बुटकी. हौशी लोक तिला ‘डबी’ म्हणत. शाळेच्या प्रयोगशाळेतला मदतनीस तो, त्याला तेवढीच परवडली. जुन्या गाड्यांच्या क्लबच्या ‘अस्सल’ यादीत ती यावी म्हणून तो सात वर्षं खपत होता.

पट्ट्यांचा रंग उडाला, तेव्हा त्याने त्या थोरल्या भावाच्या रंगकामाच्या दुकानात दिल्या. घरचाच माणूस, चिठ्ठीचपाटी कशाला?

तपासणीच्या दिवशी टेबलामागे तिघे होते. तिसरा म्हणजे दादाच, महिन्यापूर्वी क्लबच्या तपासणी समितीत घेतलेला. अध्यक्षांनी एक पट्टी सोडवून मागून चाकूने खरवडली. रंगाखाली क्रोम लखलखलं.

"ही आधीच्या वर्षाची. नापास."

धाकट्याने दादाकडे पाहिलं. दादा कागदात डोकं घालून बसला होता.

शेजारी अध्यक्षांची तशीच गाडी उभी होती. धाकट्याने तिच्या दारावरच्या पट्टीमागे बोट घातलं. साधा पत्रा. आपल्या पट्टीच्या कोपऱ्यातला पोचा त्याने स्वतः लाकडी हातोडीने काढला होता. तीच लहर इथे बोटाला लागली.

"दादा, दुकानात अदलाबदल झाली का रे?"

"झाली असेल. सामान काय थोडं असतं?"

"मग आत्ता बदलू."

"अहो, पास झालेली गाडी सोलता का?" अध्यक्ष हसले.

दादाने त्याला बाजूला घेतलं. "आवाज चढवू नकोस. सात वर्षं घासतोयस, इथे कुत्रं तरी विचारतं का तुला? मी आत आलो म्हणजे आपलं घर आत आलं. पुढच्या खेपेला तुझं बघतो."

"माझ्या पट्ट्या देऊन आत गेलास?"

"चार पत्र्यांसाठी भावाला शेंडी लावली म्हणशील आता!"

"लावलीसच की."

नापासाच्या शेऱ्याखाली तीन सह्या लागत. दोन झाल्या होत्या. अध्यक्षांनी पेन पुढे केलं. दादाने ते क्षणभर बोटांत फिरवलं, मग सही केली.

काम आटोपल्यावर तो ‘डबी’च्या दाराशी आला. "चल, वाटेत दुकानापाशी सोड मला."

धाकट्याने आतून कडी लावली. काच चार बोटं खाली होती.

"अध्यक्षांना सांग. त्यांच्या गाडीत बसायची सोय तू माझ्या जिवावर केलीयस."